पिवळी शिडी आणि खेळाडूची अक्कल

रिसेट बटन

मंडळी, धागा काढायला कारण असं की रेसिडेंट ईव्हिल ४ या गेमचा २०२३ चा रीमेक पुन्हा खेळायला घेतलाय. गेम झकास आहे, त्यावर वाद नाही. पण स्पेनमधलं ते आडगाव बघा. गावकरी परजीवींनी झपाटलेले, कुऱ्हाडी परजत अंगावर येतायत, आणि तरी त्यातल्या कोणालातरी रंगकाम करायला सवड मिळालीय! फुटणारं पिंप पिवळं, फुटणारा खोका पिवळा, चढायची शिडी पिवळी, खेळाडूला काय वापरायचं ते कळावं म्हणून. पुढच्याच वर्षी फायनल फँटसी ७ रीबर्थमध्ये कड्याकपारींना तोच रंग. होरायझन फॉरबिडन वेस्टची नायिका एलॉय स्वतःशीच इतकं बोलते की तिच्या सामानाच्या पेटीबद्दलची बडबड अपडेट देऊन कमी करावी लागली. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकमध्ये कोडं नीट बघून होत नाही तोवर सोबतचं पात्र उत्तराकडे बोट दाखवतं.

आता सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आठवा. १९८५ चा गेम, अख्खा ४० केबीचा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं ते कळलं. समोरून गूम्बा नावाचा शत्रू येतो. उडी नाही मारली तर मेलात, पण सुरुवातीलाच, त्यामुळे नुकसान शून्य. मग प्रश्नचिन्हाचा डबा लुकलुकतोय. डोकं आपटलं की मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळत जातो, पाइपला धडकतो आणि उलटा तुमच्याकडे येतो. नवखा माणूस त्यालाही शत्रू समजून उडी मारणार. पण वर विटांचं छत आहे, डोकं आपटून बहुतेक मशरूमवरच पडणार. मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता तीन नियम शिकवून झाले. आपल्याकडे तर नकली कन्सोल आणि ९९९९९९९ इन १ ची कॅसेट होती, माहितीपुस्तक कुठलं आलंय!

दिशा दाखवूच नये असं माझं म्हणणं नाही. प्लेस्टेशन २ (पीएस२) वरच्या शॅडो ऑफ द कोलोससमध्ये (२००५) तलवार उन्हात धरली की किरण एकवटतात, त्या दिशेला राक्षस. सावलीत उभे असाल तर किरण नाहीत, आधी ऊन शोधा. वाट दाखवणं हाच तिथे खेळ झालाय. पिवळ्या रंगात तेवढीही कल्पकता नाही. मला गिऱ्हाईक म्हणून नाही, खेळाडू म्हणून वागवा, एवढंच मागणं आहे.

चौकटचा गुलाम

मालक, शंभरातला एक गेम उचलून 'आमच्या वेळी' म्हणायचं, याला अर्थ नाही. त्याच मारिओचा ७-४ चा, म्हणजे सातव्या जगातल्या चौथ्या लेव्हलचा, किल्ला विसरलात? वर की खाली, चुकीच्या वाटेने गेलात की तोच तुकडा पुन्हा समोर. वेळ संपेपर्यंत फिरत बसा. कसली खूण नाही, कसलं शिक्षण नाही. हे आज कोणी केलं असतं तर तुम्हीच इथे धागा काढला असता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

कॅसलव्हेनिया २ मध्ये लाल स्फटिक निवडून एका कड्यापाशी गुडघे टेकून थांबायचं, मग वावटळ येते आणि उचलून नेते. हे बुद्धी लढवून कोणाला कळलं असतं? पहिल्या झेल्डात कुठलं झुडूप जाळायचं आणि कुठली भिंत सुरुंगाने उडवायची याचा पत्ता नाही. अमेरिकेतली पोरं मासिकं विकत घ्यायची आणि निन्टेन्डोच्या हेल्पलाइनला फोन लावायची. अवघडपणा पुष्कळदा यासाठी होता की गेम छोटा होता आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला हवं होतं. जपानमधला १९८६ चा मारिओ २ तर खुद्द निन्टेन्डोलाच अमेरिकेसाठी फार अवघड वाटला. तिथे दुसऱ्याच गेममध्ये मारिओ घालून खपवला.

दोन नंबर रिमोट

ते सगळं खरं, पण कॅसेटमध्ये फुंकर मारायची मजा आजच्या पोरांना नाही कळणार. 🙂

चौकटचा गुलाम

फुंकरीने काही होत नव्हतं. काढून परत घातली की पिना नीट टेकायच्या, म्हणून चालायची. उलट तोंडातल्या वाफेने पिना गंजायच्या.

पिंपवाला

विषय माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून लिहितो. पुण्यात बसून परदेशी गेमसाठी सामानसुमान बनवतो. पिंपं, खोके, शिड्या, तुमच्या शिव्या खाणारं सगळं.

मारिओच्या पडद्यावर किती गोष्टी असतात? जमीन, पाइप, विटा, डबे, शत्रू. त्या सगळ्यांचा खेळाशी संबंध. नसतो तो ढग, झुडपं, टेकड्या असल्या पार्श्वभूमीचा, आणि त्यातले ढग आणि झुडपं तर एकच आकृती आहे, रंग बदललेला. म्हणजे जे ठसठशीत दिसतं ते वापरता येतं. आता आमची एक खोली बघा. चारशे वस्तू असतील, प्रत्येकीवर धूळ, ओरखडे, गंज. त्यातल्या सहा हलतात, बाकी शोभेच्या. खरं दिसणारं पिंप आणि खरं दिसणारं फुटणारं पिंप यांत खेळाडूने फरक ओळखायचा कसा? चाचणीला बसलेली माणसं शिडीसमोरून तीनदा जातात आणि 'पुढे वाट नाही' म्हणून कंट्रोलर खाली ठेवतात. ती मूर्ख नसतात. आम्हीच शिडी भिंतीत मिसळून टाकलेली असते. मग प्रकाश टाकून बघतो, कॅमेरा वळवून बघतो, आणि तारीख जवळ आली की रंग.

तेव्हा राग काढायचाच तर कन्सोलच्या शर्यतीवर काढा. दर पिढीला आणखी पिक्सेल, आणखी तपशील, जाहिरात त्याचीच. गिऱ्हाइकालाही तेच हवंय. निन्टेन्डोचं स्विच हे २०१७ सालीही कमजोर यंत्र होतं, पण त्यावरच्या झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये रंग लागला नाही. कारण नियम एकच आहे: देवळांच्या आतल्या भिंती सोडल्या तर जवळपास काहीही चढता येतं, फक्त दमसास पुरला पाहिजे आणि पाऊस नको. सगळंच चढता येत असेल तर खूण कशाला करायची?

रिसेट बटन

पिंपवाले, हे तर माझ्याच बाजूने झालं की. यंत्र तगडं होत गेलं तशी नियमांची सुसूत्रता गेली, आणि ते भोक बुजवायला रंग आला. आणि ज्या कंपनीला हे जमतं तिचं कन्सोल भारतात अधिकृतपणे मिळत नाही, आपण आपले ग्रे मार्केटात घासाघीस करत उभे.

पिंपवाला

बाजू-बिजू काही नाही. जे भोक आहे ते बुजवावं लागतं, एवढंच सांगितलं.

मधली सुट्टी

मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हिरव्या झाडीतली तांबूस दोरी मला दिसत नाही म्हणजे नाहीच. पिवळं दिसतं. तुम्हाला जे 'अक्कल काढणं' वाटतं त्याच्यामुळे मी गेम पूर्ण करते. द लास्ट ऑफ अस पार्ट २ मध्ये (२०२०) साठाहून जास्त सोयी दिल्यात. पार्श्वभूमी करडी करून माणसं आणि वस्तू ठळक रंगात दाखवणारी पद्धत आहे, नुसत्या आवाजाच्या खुणांवर न बघता खेळता येईल अशीही आहे. म्हणून तुमचा गेम बिघडला का?

दुसरं असं, लेक झोपल्यावर मला पाऊण तास मिळतो. तो भिंती चाचपण्यात घालवायची हौस मला नाही. तुम्ही मारिओ खेळलात तेव्हा मे महिन्याची अख्खी सुट्टी होती हो तुमच्याकडे.

रिसेट बटन

ताई, सोयीला माझा विरोध नाही, सक्तीला आहे. शॅडो ऑफ द टूम्ब रेडरमध्ये (२०१८) मारामारी, भटकंती आणि कोडी या तिन्हींचा अवघडपणा वेगवेगळा ठरवता येतो. भटकंती 'हार्ड'वर टाकली की कड्यांवरचा पांढरा रंगच गायब. स्टार वॉर्स आउटलॉजमध्येही (२०२४) रंग बंद करायचं बटण आहे. तुम्ही चालू ठेवा, मी बंद करतो. रेसिडेंट ईव्हिलमध्ये हे बटण का नाही, इतकाच प्रश्न.

चौकटचा गुलाम

बटण दिलं म्हणून डिझाइन बदलत नाही. लेव्हल रंग गृहीत धरून बांधलेली असते. रंग काढला की उरते ती नुसती चाचपणी, दर भिंतीला जाऊन उडी मारा. तुमच्या मारिओत खुणा रचनेतच होत्या, इथे वरून फासल्यात. रचना तीच ठेवून खुणा पुसल्या तर तुम्हाला १९८५ मिळणार नाही, अर्धवट २०२३ मिळेल.

आणि एल्डन रिंग या गेमच्या चाहत्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये. कामांची यादी नाही, खुणा नाहीत, वा वा! प्रत्यक्षात निम्मी जनता मोबाइलवर विकी, म्हणजे गेमची उत्तरं देणारी साइट, उघडून खेळते. तेही पिवळंच, फक्त दुसऱ्या स्क्रीनवर.

रिसेट बटन

विकी कधी उघडायचं ते मी ठरवतो. पिंप माझी परवानगी घेत नाही.

टूम्ब रेडर 'हार्ड'वर खेळलोय. सुरुवातीला डोकं आपटलं हे खरं, पण कुदळ रुतणारा खडक वेगळा दिसतो, खडबडीत, भेगाळलेला. तो फरक रंग असताना कधी नजरेत भरलाच नसता, कारण आपण खडक बघतच नाही, रंग बघतो. म्हणजे तिथे तरी खुणा रचनेत आहेत, वरून फासलेल्या रंगाखाली गाडल्या गेल्यात.

पिंपवाला

त्या भेगा कोणीतरी महिना घालवून घडवल्या असणार. कोणीतरी बघितल्या म्हणायच्या. धन्यवाद.

दोन नंबर रिमोट

टूम्ब रेडरची जुनी डिस्क कोणाकडे पडून आहे का? योग्य भावात घेईन. पुण्यात असाल तर येऊन नेतो.

मधली सुट्टी

माझ्याकडे आहे. पण तुमचं पीएस५ डिस्कवालं आहे ना?

दोन नंबर रिमोट

डिजिटल आहे, डिस्क न घेणारं. चार पैसे वाचले म्हणून घेतलं.

चौकटचा गुलाम

मग डिस्क काय भिंतीवर टांगणार? स्लिम मॉडेल असेल तर वेगळा ड्राइव्ह मिळतो, तो घ्या आधी. वाचलेले चार पैसे तिथेच जातील.

रिसेट बटन

डिस्क की डिजिटल यावर वेगळा धागा काढा रे कोणीतरी. मी येतोच भांडायला.