मदत हवी आहे: होडीचा ट्रेलर ओढण्यासाठी आणि पावसाळ्यात रोज वापरण्यासाठी पिकअप घ्यावी की एसयूव्ही?

नमस्कार.

मी डिचोलीत राहतो आणि नोकरीनिमित्त रोज पणजीला जातो. माझ्याकडे पाच मीटर लांबीची फायबरची होडी आहे. तिला मागे ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन लावलेले आहे, आणि ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून दोनदा तरी ती शापोरा नदीत उतरवून आम्ही गरी टाकायला जातो. होडी पाण्यातच नांगरून ठेवली तर तळाला शंख-शिंपले धरतात आणि इंजिनावर कोणाचे लक्ष राहत नाही, म्हणून ती घरच्या अंगणात ट्रेलरवर असते. आजवर दर खेपेला भाड्याची पिकअप आणून काम भागवले. आता माझी बारा वर्षांची हॅचबॅक बदलायची आहे, तेव्हा रोजची गाडी आणि होडी ओढणारी गाडी एकच घ्यावी असा विचार आहे. बंदर कप्तान खात्याकडे होडीची आणि वाहतूक खात्याकडे ट्रेलरची नोंदणी झालेली आहे, त्यामुळे प्रश्न फक्त गाडीचा आहे.

आधी वजनाविषयी सांगतो, कारण त्यातच माझा पहिला अंदाज चुकला. होडीचा सांगाडा ३८० किलो, इंजिन ९७, भरलेली पेट्रोलची टाकी ३७, बॅटरी, नांगर, जॅकेटे, दोरखंड मिळून ६० आणि ट्रेलर २३० अशी बेरीज करून मी ८०४ किलो धरले होते. आमच्याकडे खाणीच्या ट्रकांमुळे वजनकाट्यांना तोटा नाही. एका काट्यावर ट्रेलर नेऊन उभा केला, तर आकडा ८६० आला. इंजिन जिथे बसते त्या मागच्या फळीतले प्लायवूड वर्षानुवर्षे पाणी प्यायले असावे असा माझा तर्क आहे. आपल्याकडे ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ आणि त्यापुढे ३५०० किलोपर्यंतचा टी-२ वर्गात मोडतो, आणि युरोपात ७५० किलोंच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. माझ्या ट्रेलरला ब्रेक आहेत, परंतु खाऱ्या पाण्यात बुडून त्यांच्या ड्रमांची जी अवस्था झाली आहे ती पाहता त्यांच्यावर विसंबून राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

खरी अडचण रस्त्यावर नसून नदीकाठच्या उतारावर आहे. अस्नोडा, म्हापसा, शिवोली हा रस्ता सपाट म्हणावा असाच आहे आणि ८६० किलो ओढायला तिथे कोणतेही डिझेल इंजिन पुरेल. परंतु आम्ही वापरतो तो काँक्रीटचा उतार भरतीच्या वेळी निम्मा पाण्याखाली असतो आणि ओहोटी लागली की त्याचा खालचा भाग हिरव्या शेवाळासह उघडा पडतो. गेल्या एप्रिलमध्ये आम्हाला परतायला उशीर झाला. भाड्याची पिकअप केवळ मागच्या चाकांवर चालणारी होती, हौदा रिकामा होता आणि नेमकी तीच मागची चाके शेवाळावर उभी होती. गाडी जागच्या जागी चाके फिरवत हळूहळू नदीकडे सरकू लागली, तेव्हा चालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. चाकांखाली दगड लावून आणि वाड्यावरच्या सात-आठ जणांनी हात लावून आम्ही सुटलो. तेव्हापासून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी गाडी, हवीच असे माझे मत झाले आहे, कारण त्या उतारावर मागची चाके ओल्यात असली तरी पुढची कोरड्या काँक्रीटवर असतात आणि ओढ तिथूनच मिळू शकते.

दुसरी बाजू रोजच्या प्रवासाची. इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक बर्फाच्या प्रदेशांतले असतात. हिवाळी टायर, रस्त्यावरचे मीठ, हौद्यात वाळूची पोती. आपला हिवाळा म्हणजे डिसेंबरात पहाटे अंगावर शाल घ्यावी इतकाच. आपल्याला जपावे लागते ते जून ते सप्टेंबर. अंतर्गत रस्त्यांवर येणारी तांबडी माती, झाडाखाली कुजलेला पाला, वळणावर साचलेले पाणी, आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून त्या बाजूची कोंडी. ती टाळण्यासाठी मी पुष्कळदा मयेवरून चोडणला जाऊन फेरीबोटीने रायबंदरला उतरतो. फेरीबोटीवर सव्वापाच मीटरांहून लांब गाडी चढवणे आणि पणजीत ती उभी करायला जागा शोधणे, या दोन गोष्टींनी माझी झोप उडवली आहे.

माझ्यापुढे तीन गाड्या आहेत. इसुझू व्ही-क्रॉसच्या फोर बाय फोरमध्ये १.९ लिटरचे, १६३ पीएस (अश्वशक्ती) आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्कचे, म्हणजे चाके फिरवण्याच्या जोराचे, डिझेल इंजिन येते. टोयोटा हायलक्सचे इंजिन २.८ लिटरचे, २०४ पीएसचे असून मॅन्युअल गिअरला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, परंतु तिच्यासाठी मला कर्ज वाढवावे लागेल. तिसरी स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, जी ४६६२ मिलिमीटर लांब म्हणजे या दोघींपेक्षा अर्ध्या मीटरहून अधिक आखूड आहे आणि पावसात सामान कोरडे ठेवते. मात्र ओली जाळी, आमिषाचा डबा आणि पेट्रोलचे कॅन आसनांच्या मागे ठेवून दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाण्याची कल्पना मला सहन होत नाही. परदेशात हायलक्सला ब्रेक असलेला ३५०० किलोंचा ट्रेलर ओढण्याची मुभा आहे हे मला ठाऊक आहे, पण तो आकडा इथल्या गाडीला, इथल्या हुकाला आणि माझ्या गंजलेल्या ब्रेकांना जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही.

एवढ्या वजनासाठी हायलक्सचा वाढीव खर्च सार्थ ठरेल का, रिकाम्या हौद्याची पिकअप भर पावसात रोज चालवताना मागून घसरते का, आणि आखूड एसयूव्ही घेऊन ओल्या सामानाची सोय वेगळी करावी का, हे कृपया अनुभवाने सांगावे.

प्रतिसाद, पेडणे तालुक्यातून

आपण वजनकाट्यावर जाऊन आलात हे फार चांगले केलेत. बरेच जण गाडी घेतल्यावर जातात.

माझ्याकडे सहा वर्षे व्ही-क्रॉस आहे, जुन्या २.५ लिटरच्या इंजिनाची, आणि साधारण आपल्याइतकेच वजन मी तेरेखोलच्या बाजूला ओढतो. ताकदीची चिंता सोडून द्या. ८६० किलोंसाठी हायलक्स घेणे म्हणजे कालव्यासाठी नदी विकत घेण्यासारखे आहे. रिकाम्या हौद्याचे मात्र खरे आहे. पाट्यांच्या मागच्या स्प्रिंगा भार वाहण्यासाठी बनवलेल्या असतात, रिकाम्या असताना त्या कडक राहतात आणि ओल्या खडबडीत वळणावर मागचा भाग उडतो. मी जूनमध्ये हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, शंभर किलो वाळू बांधून ठेवतो आणि चतुर्थीनंतर काढतो. आपण थट्टा केलीत ती बर्फवाल्यांची पोती इथेही उपयोगी पडतात.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. या पिकअपचा फोर बाय फोर गरजेपुरता लावायचा असतो. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये फरक सामावणारा डिफरेन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर तो लावून वळण घेतले की सांध्यांवर ताण साठत जातो. तेव्हा उतारावर लावा, वर आलात की काढा. दुसरे म्हणजे पिकअपचा हूक उंच असतो. ट्रेलरचे नाक वर उचलले गेले की वजन मागे जाते, त्यात आपल्या होडीचे इंजिन आधीच मागे आहे, आणि मग साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवू लागतो. हुकाला खाली उतरणारी पट्टी बसवून घ्या, घरच्या वजनकाट्यावर ट्रेलरचे नाक टेकवून ६० ते ८५ किलो भरते का पाहा, आणि कमी भरल्यास होडी थोडी पुढे घ्या.

आणि एक विचारतो, राग मानू नका. गाडीची चाके शेवाळावर न्यायचीच कशाला? मी ट्रेलरच्या दांड्याला अडीच मीटरचा जाड पाइप जोडता येईल असे करून घेतले आहे. गाडी कोरड्यात उभी राहते, ट्रेलर तेवढा पाण्यात जातो. हे जमले तर फोर बाय फोर ही चैन होईल, आणि आपल्या निवडीचे सगळे गणितच बदलेल.

प्रतिसाद, फोंड्याहून

वरील सल्ल्यात थोडी भर घालतो. तीस किलोमीटर धावल्यावर ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. तसे गरम असतानाच ते पाण्यात बुडवले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. काठावर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबा, दिव्यांची वायर सोडवून ठेवा, आणि घरी येताच गोड्या पाण्याने ब्रेक-ड्रमांसह सर्व धुऊन काढा. गाडी कोणतीही घेतलीत तरी हे चुकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. हायलक्स यादीतून काढली आहे. पाइपची कल्पना मला सुचली नव्हती, आणि त्यामुळे पेच थोडा सुटला असला तरी थोडा वाढलाही आहे, कारण आमचा उतार अरुंद असून वर लगेच रस्त्याचे वळण आहे. अडीच मीटर अधिक लांबी घेऊन सरळ मागे येणे तिथे साधेल का, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळणार नाही. येत्या अमावास्येच्या ओहोटीला टेप घेऊन मापे काढतो. लांबी बसली तर मागच्या चाकांवरची, कमी किमतीची पिकअप घेईन. न बसली तर व्ही-क्रॉस फोर बाय फोर घेईन आणि पाऊस असेपर्यंत वाळूची पोती बांधून ठेवीन. स्कॉर्पिओ मात्र घरच्यांना आवडली असूनही मागे पडली आहे. आमिषाच्या डब्याचा प्रश्न कोणी सोडवून दिला तर तिचा फेरविचार करता येईल.

पेडण्याच्या सद्गृहस्थांना एक विनंती आहे. पाइपचा जोड आपण पिनेने केला आहे की नटबोल्टने, आणि रस्त्यावर धावताना तो काढून ठेवता का, एवढे कळवावे. आमच्या वेल्डरला चतुर्थीपूर्वी काम द्यायचे आहे.