शाळा एकत्र झाल्या आणि कंपोझिट ग्रँट घटली: आमदारांच्या टिपणात काय लिहावं?

सुदामानगरकर
इंदूरच्या एका शासकीय शाळेच्या शाला प्रबंधन समितीवर पालक-सदस्य आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात शालेय शिक्षणाच्या अनुदान मागण्यांवर बोलायचंय म्हणून आमदारांनी एक पानी टिपण मागितलंय. एकाच आवारातली प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल ‘एक परिसर एक शाला’मध्ये एक झाली. मुलं तेवढीच, खोल्या तेवढ्याच, वीजबिलही तेवढंच, पण वर्षाचा निधी कमी झाला. हे नियमात बसतं का? आणि भोपाळला यावर काही करता येतं, की सगळं दिल्लीतच ठरतं?

खर्चवही
नियमात बसतं, आणि तीच तर गोम आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत ही कंपोझिट ग्रँट (एकीकृत शाला निधी, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चाचा निधी) पटाच्या टप्प्यांवर ठरते: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. ती शाळेमागे मिळते, म्हणजे एका यूडायस कोडमागे (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतला शाळेचा क्रमांक) एकदाच.

समजा प्राथमिकचा पट ९२, मिडलचा ७८ आणि हायस्कूलचा २६० होता. वेगवेगळ्या शाळा असताना २५ + २५ + ७५, म्हणजे १,२५,००० रुपये यायचे. एकत्र झाल्यावर पट ४३० आणि निधी ७५,०००. एकही मूल न घटता ५० हजार गेले. टिपणात हाच हिशेब तुमच्या खऱ्या पटासह मांडा, बाकी भाषण नको.

टप्प्यांची दुसरी गंमत बघा. ३० मुलांच्या शाळेला माणशी ३३३ रुपये, ३१ च्या शाळेला ८०६, आणि भरगच्च १,००० च्या शाळेला फक्त ७५. शहरातल्या मोठ्या शाळा इथेच मार खातात. यातूनच वीज, पाणी, खडू-डस्टर, खेळाचं साहित्य, किरकोळ दुरुस्ती भागवायची, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. २०२१ मध्ये तळाचे टप्पे बदलले, पण १०० च्या वरचे दर २०१८ मध्ये योजना आली तेव्हाचेच आहेत. महागाईशी त्यांची सांगड घातलेलीच नाही.

पट धरतात तो आधीच्या वर्षाच्या यूडायस प्लसमधला. मुलाच्या जुन्या शाळेने त्याला या पोर्टलवर ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलं नाही, तर तुमच्या शाळेला ते नाव घेताच येत नाही. मूल वर्गात बसतं, पण मोजलं जात नाही. पट ९९-१०० वर अडकला असेल तर मुख्याध्यापकांकडून आधी ही यादी तपासून घ्या. दोन नावांनी २५ हजारांचा फरक पडतो.

कलम२०३
आमदारसाहेबांना आधी हे सांगा: सभागृह अनुदान मागणी (खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव) मंजूर करू शकतं, नाकारू शकतं, कापू शकतं; वाढवू शकत नाही. त्यामुळे ‘निधी वाढवावा’ असा थेट प्रस्ताव चालत नाही. वाट उलटी आहे: १०० रुपयांची सांकेतिक कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने टप्प्यांचा प्रश्न सभागृहात मांडायचा. (सत्ताधारी आमदार कपात सूचना देणार नाहीत. त्यांनी चर्चेत बोलावं किंवा लेखी प्रश्न टाकावा.) मात्र वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला जातात, तेव्हा फक्त भाषणावर विसंबू नका.

दिल्ली-भोपाळबद्दल: खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी आहे आणि टप्पे केंद्राच्या आराखड्यातले. पण राज्याला स्वतःच्या पैशातून भर घालायला कुणी अडवलेलं नाही. म्हणून मागणी नेमकी ठेवा: एकत्रीकरणाने ज्यांचा निधी घटला, त्या शाळांना फरकाची रक्कम राज्याने द्यावी.

बजेटच्या पुस्तकात मुख्य शीर्ष २२०२ (सामान्य शिक्षणाचा खर्च) उघडा, त्यात ०१ प्राथमिक आणि ०२ माध्यमिक. इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ मध्ये असतो. २०२५-२६ च्या पुस्तकात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अंदाज शेजारी-शेजारी दिसतो. लोक शेवटचा आकडा घेऊन टाळ्या वाजवतात. बघायचा तो पहिला. एक सावधगिरी: केंद्राचा हिस्सा राज्याच्या बजेटमधूनच पुढे जातो, म्हणून २२०२ च्या बेरजेत ‘वर दिल्लीचे वेगळे’ म्हणून तो पुन्हा मिळवू नका. आणि या शीर्षातला मोठा वाटा पगाराचा असतो, तेव्हा एकूण आकडा वाढला म्हणजे शाळेच्या हातात जास्त आलं, असं होत नाही.

शून्यशिल्लक
वरचं सगळं बरोबर आहे, फक्त तारीख राहिली. आता समितीच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही. पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर) खर्चमर्यादा दिसते, तेवढ्यापुरतं देयक करायचं आणि पैसे थेट विक्रेत्याला जातात. न वापरलेली मर्यादा वर्षाअखेर हातची जाते. मर्यादा फेब्रुवारीत उघडली तर छताची गळती पावसाळाभर तशीच राहिलेली असते. मार्चात शाळांच्या भिंती अचानक का रंगतात, ते यावरून समजेल.

अडतं कुठे? विक्रेत्याचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही, विलीनीकरणामुळे बँकेचा आयएफएससी बदललेला असतो, किंवा देयक चुकीच्या घटकाखाली टाकलं जातं. म्हणून विक्रेत्यांची नोंदणी जुलै-ऑगस्टमध्येच उरका आणि ठराव लिहून ठेवा. मर्यादा दिसली की त्याच आठवड्यात देयक लागलं पाहिजे.

लेखी प्रश्न असा द्या: ‘इंदूर जिल्ह्यातील शासकीय शाळांना गेल्या तीन आर्थिक वर्षांत एकीकृत शाला निधीची खर्चमर्यादा कोणकोणत्या तारखांना उपलब्ध झाली, ३१ मार्चपर्यंत किती खर्च झाली, किती अखर्चित राहिली? विकासखंडनिहाय माहिती द्यावी.’ इंदूर, महू, सांवेर, देपालपूर असे चार तक्ते येतील. ‘निधी वेळेवर दिला जातो काय?’ असं विचारलंत तर ‘जी हाँ’ एवढंच उत्तर हातात पडेल.

सुदामानगरकर
तोवर ही तूट आमदार निधीतून भरता येईल का?

खर्चवही
नाही. आमदार निधी टिकाऊ कामांसाठी असतो: खोली, कुंपणभिंत, पाण्याची टाकी. वीजबिल आणि फिनाईल त्यातून निघत नाही. पण टाकी किंवा भिंत तिकडे ढकलता आली, तर ७५ हजारांतला दुरुस्तीचा भार हलका होतो. समितीच्या शाळा विकास योजनेत ही कामं वेगळी दाखवा. आरटीई कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती योजना करायचीच असते, आणि आमदारांनी शिफारस केली की अंदाजपत्रकासोबत तीच जोडता येते.