मदत हवी आहे: 'पँग'ला मराठीत काय म्हणायचं?

पुतणीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना 'पँग' अडला. डिक्शनरी सांगते, अचानक उठणारी तीव्र वेदना. मी बिनधास्त 'कळ' सांगितलं. बाळंतपणाला जमलं, पण 'हंगर पँग्स'ला? भुकेनं तर पोटात कावळे ओरडतात. अन् 'पँग ऑफ गिल्ट' म्हणजे सरळ मनाची टोचणी. 'तिडीक' आठवली, पण तिच्यात राग येतो.

ओसरीवर आजी कापसाची बोंडं फोडत होती. उठताना कंबर धरून म्हणाली, "अवं माय, चमक भरली!" ही बहुतेक 'ट्विंज' (इंग्रजीत क्षणभर येणारी बारीक कळ), 'पँग' नव्हे.

शरीर अन् मन दोन्हीकडे चालेल असा एकच शब्द आहे का? वऱ्हाडी असला तरी चालते. परवा पोरीचा पेपर आहे.