औषधी अळंबी: सिद्ध झालेली वस्तू आणि विकली जाणारी वस्तू

मुलुंडकर
आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यापासून रेशी, लायन्स मेन आणि कॉर्डिसेप्स ही नावे पाणीकपातीइतक्या सहजतेने घेतली जाऊ लागली आहेत. सकाळच्या फेऱ्या आटोपून बाकावर बसणाऱ्या निवृत्तांपैकी तिघे तरी या अळंब्यांच्या कॅप्सूल घेतात. साठ कॅप्सूलच्या बाटलीला अठराशे रुपये मोजताना जे का-कू करीत नाहीत, तेच कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालतात.

अळंबीत औषधी गुण असू शकतात, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, चाचण्यांत जिचा उपयोग दिसला ती वस्तू निराळी आणि आपल्याला विकली जाते ती निराळी. लायन्स मेनचे उदाहरण घ्या. स्मरणशक्तीच्या संदर्भात जिचा दाखला सगळीकडे दिला जातो ती २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली जपानी चाचणी पन्नास ते ऐंशी वयाच्या जेमतेम ३० जणांवर झाली. रोज ३ ग्रॅम भुकटी १६ आठवडे दिल्यावर स्मरणशक्तीच्या कसोटीतले गुण सुधारले आणि घेणे थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले. रेशीचे तर याहून वाईट. मधुमेहींच्या हृदयविकाराचा धोका तिने कमी होतो का, हे तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन (झालेल्या चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात ३९८ जणांवरील पाच चाचण्या जमेस धरूनही तिच्या वापराला आधार मिळाला नाही. आपले मत काय?

शिवाजीपार्क_वाचक
आपण सोयीची दोन उदाहरणे निवडली आहेत, असे नम्रपणे नमूद करतो. जपानने ट्रामेटीस या अळंबीपासून काढलेले पीएसके १९७७ मध्ये आणि शिताकेपासून काढलेले लेंटिनान १९८५ मध्ये कर्करोगाच्या पूरक उपचारासाठी रीतसर मंजूर केले होते. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांची चाचणी १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीत केमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, तर केवळ केमो घेतलेल्यांपैकी ६० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. तेरा टक्क्यांचा हा फरक ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना विचारून पाहावा. माझ्या घरात होता.

शिवाय कोलेस्टेरॉलसाठी १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले लोव्हास्टॅटिन एका बुरशीतूनच मिळाले आणि तोच रेणू धिंगरी अळंबीतही नैसर्गिकरीत्या सापडतो. बुरशीला हसणाऱ्याने आपल्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा.

वसईची_सून
यात नवे काय आहे, हेच मला समजत नाही. पहिल्या पावसानंतर वारुळावर उगवणारी अळंबी आमच्याकडे आदिवासी बायका पानांत बांधून विकायला आणतात आणि दहा मिनिटांत टोपली रिकामी होते. आपल्या आयुर्वेदाला हे सारे ठाऊक होते.

मुलुंडकर
ताई, अळंबी ठाऊक होती हे खरे. सुश्रुतसंहितेत पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन अशा उगवण्याच्या जागांवरून तिचे प्रकार केलेले आहेत. मात्र ती यादी शाकवर्गातली आहे, म्हणजे भाज्यांची. रेशीचा औषध म्हणून लौकिक चीन आणि जपानचा आहे, तो आपल्या नावावर जमा करण्याचे कारण नाही. वारुळावरच्या अळंबीच्या कालवणाविषयी मात्र माझा काडीचाही वाद नाही.

शिवाजी पार्कच्या मित्रांना सांगायचे ते असे की, तुमची उदाहरणे माझीच बाजू मांडतात. लेंटिनान शिरेतून टोचले जाते, शिताकेची भाजी करून नव्हे. पीएसके हा शुद्ध केलेला आणि ठरावीक मात्रेत दिलेला अर्क आहे. लोव्हास्टॅटिनच्या प्रत्येक गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेले असते. आमच्या बाकावरच्या बाटलीत मात्रेचा पत्ता नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९ रेशी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील फक्त पाच लेबलाशी जुळली होती.

गिरगाव_केमिस्ट
दुकानात बसून जे दिसते ते सांगतो. यांतील बहुतेक बाटल्या अन्नपूरक म्हणून विकल्या जातात आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना त्यांच्यावर छापणे बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की, वाचायला भिंग लागावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्यांनी रेशी घेत असल्याचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. चागा या अळंबीमध्ये ऑक्झलेट हा मूत्रपिंडात साचू शकणारा क्षार भरपूर असतो. जपानमध्ये यकृताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या ७२ वर्षांच्या एका बाईंनी तिची भुकटी रोज चार-पाच चमचे अशी सहा महिने घेतली आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. नैसर्गिक आहे म्हणून अपाय नाही, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो.

बदलापूर_धिंगरी
मी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी पिकवतो, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. बी म्हणून आम्ही जे स्पॉन आणतो, ती असते गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांची पिशवी. दाण्यांवर कापसासारखे पांढरे जाळे धरलेले असते आणि पिशवी मोडली की, दाणे ढेपेसारखे एकत्र निघतात. काही कंपन्या अळंबी उगवू न देता ही ढेपच दाण्यांसकट वाळवून दळतात आणि लेबलावर 'मायसेलियम', म्हणजे ते पांढरे कवकजाल, असे लिहितात. त्यात अळंबीचा अंश असतो, पण पिठाचा वाटा मोठा. 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' या आकड्याला भुलू नये, कारण स्टार्चही पॉलिसॅकराइडच आहे. अळंबीतले पॉलिसॅकराइड म्हणजे बीटा-ग्लुकन, ते किती हे विचारावे.

घरी पाहायचे असल्यास चमचाभर भुकटी पाण्यात उकळून पूर्ण गार होऊ द्यावी आणि आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. स्टार्च असेल तर पाणी निळेकाळे होते. पाणी गरम असेल तर रंग धरत नाही.

शिवाजीपार्क_वाचक
पीएसकेसुद्धा कवकजालातूनच काढतात, तेव्हा मायसेलियम म्हणजे भेसळ असे समीकरण मांडणे बरोबर नाही.

बदलापूर_धिंगरी
मान्य. माझी तक्रार जाळ्याबद्दल नाही, त्याखालच्या ज्वारीबद्दल आहे.

मुलुंडकर
रविवारी आमच्या बाकावर हा प्रयोग झाला. ज्यांची बाटली होती त्यांनीच कॅप्सूल फोडून दिल्या, स्टीलच्या पेल्यात भुकटी उकळली आणि ती गार होईपर्यंत आम्ही चहा घेतला. आयोडीन पडताच पाणी शाईसारखे निळेकाळे झाले. गृहस्थ काही वेळ पेल्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "अहो, पण मला झोप चांगली लागते." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शिवाजीपार्क_वाचक
कॅप्सूल भरताना भुकटी मोकळी वाहावी म्हणून मक्याचा स्टार्च मिसळण्याची पद्धत आहे, हे आपण ध्यानात घेतलेले दिसत नाही. निळा रंग तेवढ्यानेही येतो. एका पेल्यावरून साऱ्या अळंब्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. माझ्याकडच्या अर्काचे पाणी मी आजच तपासले, ते तपकिरीच राहिले.

गिरगाव_केमिस्ट
स्टार्च मिसळला असेल तर तो घटकांच्या यादीत लिहिलेला असला पाहिजे. मुलुंडकर, त्या बाटलीची मागची बाजू एकदा भिंग लावून वाचा आणि यादी इथे लिहा. आणि ते गृहस्थ रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात का, हे आजच विचारून घ्या.