नियॉन टेट्राला एवढा उजेड कशाला?

डोहकाठ

गेल्या महिन्यात मित्राकडे अडीच फुटांची टाकी बघितली. वीस नियॉन टेट्रा (अंगावर निळा आणि लाल पट्टा असलेले इवलेसे मासे), तळाला पांढरी वाळू, वर दोन एलईडी पट्ट्या फुल्ल पेटलेल्या. मित्र म्हणाला, "दुकानात लालभडक होते, घरी आणल्यावर रंग उतरला. आता तिसरी पट्टी बसवतोय." ती तिसरी पट्टी मला खटकली, म्हणून हा धागा काढला.

माझं मत सरळ आहे. छोट्या माशांच्या टाकीत आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजेड ओततो, आणि ज्या रंगासाठी ओततो तोच त्यामुळे जातो. नियॉन ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याचा भाऊ कार्डिनल टेट्रा रिओ नेग्रो या ॲमेझॉनच्या उपनदीकडचा. रिओ नेग्रोचं पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखं दिसतं. वर झाडांची सावली, खाली पाचोळ्याचा काळपट तळ. अशा ठिकाणच्या माशाला भर दुपारच्या उन्हासारख्या उजेडात पांढऱ्या तळावर ठेवायचं आणि वर रंगाची तक्रार करायची, हे मला पटत नाही.

मी माझ्या टाकीत काळी वाळू टाकली, देशी बदामाची चार सुकी पानं सोडली आणि डिमर लावून उजेड निम्म्याखाली आणला. तीन आठवड्यांत पोटाकडचा लाल पट्टा असा गडद झाला की बायकोने विचारलं, नवे मासे आणले का? मासे तेच होते.

उजेड कमी करा, रंग आपोआप येतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

कुर्ला_रविवार

साफ असहमत. बावीस वर्षं मासे विकतोय. अंधाऱ्या टाकीतला मासा कोणी घेत नाही, आणि गिऱ्हाईक मूर्ख आहे म्हणून नाही, त्याला दिसतच नाही म्हणून.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, रोग. नियॉनला एक सूक्ष्म परजीवी होतो. तो स्नायूंत शिरतो, अंगावर पांढुरका डाग पडतो, तेवढ्या भागाचा रंग निघून जातो, आणि खात्रीचा इलाज नाही. असा मासा पहिल्या दिवशी वेगळा काढला तर बाकीचे वाचण्याची आशा असते. तुमच्या चहाच्या पाण्यात निम्म्या उजेडात तो डाग कोणाला दिसणार? मी रोज सकाळी प्रत्येक टाकी भर उजेडात बघतो.

दुसरी, तुमचा नियॉन उजेडानेच पेटतो. खोटं वाटत असेल तर पहाटे दिवा लावायच्या आधी टॉर्च मारून बघा.

डोहकाठ

दादा, आज पहाटे साडेपाचला तुमचं ऐकून बघितलं. खरंच धक्का बसला. जो पट्टा दिवसा मोरपंखी असतो, तो मळकट जांभळा दिसत होता. लाल तर जवळजवळ नव्हताच, जुनं कापड धुऊन धुऊन विटतं तसा. टॉर्च बंद केला, टाकीचा दिवा लावला आणि स्टूल घेऊन समोर बसलो. पट्टा जांभळ्यावरून निळ्यावर आणि निळ्यावरून हिरवट निळ्यावर सरकताना डोळ्यांनी दिसला. पंधरा-वीस मिनिटांत मासे नेहमीसारखे. इतकी वर्षं टाकी ठेवून हे कधी बघितलं नव्हतं.

म्हणजे रंगाला उजेड लागतो, हे मान्य. पण तो किती, हा माझा प्रश्न तसाच उरतो. कारण माझ्या निम्म्या उजेडातही पट्टा पूर्ण पेटला.

प्रयोगवही

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून मध्ये पडते. तुम्ही दोघं दोन वेगळ्या रंगांबद्दल भांडताय.

नियॉनचा निळा पट्टा हा रंगद्रव्याचा रंगच नाही. त्या जागी त्वचेत ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ स्फटिकांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. मोरपिसात किंवा साबणाच्या फुग्यात रंग दिसतो, त्याच तऱ्हेने इथे दिसतो: थरांवरून परतलेल्या उजेडातली एक ठरावीक लहर बळकट होते. खिडकीच्या पट्ट्यांचा पडदा दोरीने कलता करावा तशा या चकत्या कलतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि रंग सरकतो. अंधारात जांभळ्याकडे, उजेडात हिरवट निळ्याकडे. डोहकाठांनी पहाटे पाहिलं ते हेच. त्यामुळे निळ्याबाबत दुकानदार दादा बरोबर आहेत.

लाल आणि काळा मात्र रंगद्रव्याचे. पेशीत रंगाचे कण असतात. ते पेशीभर पसरले की गडद, मध्यभागी गोळा झाले की फिकट. रात्री फिकट होणं हे शरीराच्या घड्याळाचं काम, त्यात मेलाटोनिन या संप्रेरकाचा हात असतो. दिवसा हे कण कुठे राहतील ते बरंचसं मासा आजूबाजूला काय बघतो त्यावर ठरतं. आणि इथे डोहकाठ, तुमचं चुकतंय असं मला वाटतं. मासा नुसता किती उजेड आहे हे मोजत नाही. वरून येणारा उजेड आणि तळावरून परत वर येणारा उजेड यांची तो तुलना करतो. तळ पांढरा असेल तर परतणारा उजेड जास्त, मग मासा फिका पडतो, म्हणजे तळावर उठून दिसू नये. तळ काळा असेल तर उलट. वरचा दिवा दुप्पट केला तर परतणारा उजेडही दुप्पटच होतो, तुलना तीच राहते.

तुम्ही वाळू, पानं आणि दिवा तिन्ही एकदम बदललं आणि श्रेय दिव्याला दिलंत. पहिल्या वर्षाच्या मुलांनी असा प्रयोग मांडला तर मी वही परत देते. तुमच्या मित्राच्या टाकीतला गुन्हेगार बहुतेक पांढरी वाळू आहे.

हिरवी_टाकी

प्रयोगवही ताईंना सहमत. माझ्या टाकीत रोटाला आणि लुडविजिया ही पाणझाडं आहेत, उजेड भरपूर ठेवावाच लागतो, आठ तास टायमरवर. माझे एम्बर टेट्रा केशरी आहेत ते झुडपांच्या सावलीत आणि गडद मातीवर. उघड्या जागेत दिवा आग ओकत असेल तर मासे कोपऱ्यात दबून बसतात आणि दबलेला मासा फिकाच दिसतो, हेही खरं. पण त्यावर उपाय सावली करणं हा आहे. अंधार केला तर माझी झाडं मरतील.

डोहकाठ

ताई, वही परत घेतली. तिन्ही एकदम बदललं हे चुकलंच. आता वाळूला हात न लावता फक्त डिमर वर नेतो आणि दोन आठवड्यांनी लिहितो.

पण दुकानांतल्या गुलाबी ट्यूबबद्दल कोणीच बोललं नाही. मित्राचे मासे दुकानात लालभडक का होते? त्या ट्यूबमध्ये लाल आणि निळा उजेड ठासून भरलेला, हिरवा नावाला. लाल मासा लाल उजेडात पेटणारच. घरी साध्या थंड पांढऱ्या एलईडीखाली तोच मासा विटकरी दिसतो, कारण त्या दिव्यात गडद लाल कमी असतो. साडी घेताना आपली आई दुकानाच्या दारात जाऊन, उजेडात पदर धरून बघते की नाही? मग मासा घेताना तसं का करू देत नाहीत?

कुर्ला_रविवार

आरोप झोंबला, पण उत्तर देतो. ती ट्यूब मुळात झाडांसाठी आली. मासे खुलून दिसतात म्हणून सगळ्यांनी लावली, मीही लावली. मी त्यात फसवणूक मानत नाही. सुई टोचून रंग भरलेले काचमासे मी कधी विकले नाहीत, ती फसवणूक. तो आपल्याच देशातला पारदर्शक मासा, त्याच्या अंगात रंग टोचायचा आणि काही आठवड्यांनी तो विरून जायचा. ट्यूबने माशाला काही होत नाही.

आणि पांढऱ्या एलईडीचं म्हणाल तर नुसतं ६५०० केल्विन बघून दिवा घेऊ नका. त्या आकड्यावरून रंग किती खरा दिसेल ते कळत नाही. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असतो, तो ९० च्या पुढचा घ्या. थोडे पैसे जातात, पण लाल लाल दिसतो.

गप्पीवाली

सगळे टेट्रावर अडकलात. माझ्याकडे गप्पी आहेत, महापालिका डासांसाठी विहिरीत सोडते त्या साध्या वाणापासून वाढवलेले. अर्धे गच्चीवरच्या टबात, अर्धे घरात दिव्याखाली. एकाच आयांची पिल्लं. गच्चीवरच्या नरांचे केशरी ठिपके घरातल्यांपेक्षा इतके गडद आहेत की शेजारच्या मुलांना वेगळी जात वाटते. तेव्हा उजेडाने रंग येत नाही हे मला सांगू नका. ऊन पाहिजे.

प्रयोगवही

ताई, टबाच्या कडेला हिरवं शेवाळ आहे ना? केशरी ठिपक्यातलं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य मासा स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातून येतं. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाच्या ओढ्यांत नेमकं हेच पाहिलं गेलंय: जिथे झाडांचं छत विरळ तिथे ऊन जास्त, शेवाळ जास्त, आणि गप्पींच्या अंगात कॅरोटिनॉइड जास्त. घरातल्यांना स्पायरुलिना असलेलं खाद्य आणि आठवड्यातून दोनदा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) देऊन बघा.

गप्पीवाली

शेवाळ आहे, दिवसभर चोखत असतात. पण ताई, उन्हाशिवाय ते शेवाळ आलं असतं का? तुम्ही त्याला खाणं म्हणा, मी ऊन म्हणते. आणखी एक, माझे नर भर दुपारी गप्प असतात. सकाळी कोवळ्या उजेडात आणि दिवे लागायच्या वेळेला माद्यांपुढे अंग वाकवून नाचतात. तेव्हा जो रंग दिसतो तो इतर वेळी नाही.

प्रयोगवही

शेवाळाचं तुमचं बरोबर, मागे घेते. सकाळ-संध्याकाळच्या नाचाचंही निरीक्षण पक्कं आहे. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या गप्पींवर हेच मांडलं: मंद उजेडाच्या वेळी नर माद्यांना जास्त उठून दिसतात आणि शिकारी माशांना त्या मानाने कमी.

ओहोळ

गोव्यातून, सांगे तालुक्यातून. आमच्या ओढ्यांत इंडिगो बार्ब नावाचा छोटा मासा आहे, छापगर आणि साने यांनी १९९२ साली शास्त्रीय नाव दिलेला, पश्चिम घाटाबाहेर नसलेला. काठावरून वाकून बघितलं तर नुसत्या करड्या काड्या सरकताना दिसतात. पाण्यात उतरून गुडघ्यावर बसलं आणि उन्हाचा कवडसा आडवा आला की अंगावरून जांभळट निळी झाक जाते आणि पुढच्या क्षणी नाहीशी होते. कवडसा आणि सावली दोन्ही पाहिजेत. टाकीवर एकसारखा दिवा पसरवला तर ती झाक मरते. मी टाकीच्या एका टोकालाच छोटा दिवा ठेवतो, बाकी सगळं झाडांच्या सावलीत. त्यासाठी ओढ्यातले मासे मात्र कोणी उचलू नका, ती जात आधीच धोक्याच्या यादीत आहे.

डोहकाठ

दोन आठवडे झाले. काळ्या वाळूवर डिमर पूर्ण वर. लाल तसाच गडद आहे, प्रयोगवही ताई बरोबर. पण मासे बदलले. आधी टाकीभर फिरायचे, आता दुपारी सगळे लाकडाखाली. रंग आहे, बघायला मासा नाही. म्हणून मी पुन्हा खाली आणलाय. रंगाचं माझं म्हणणं मागे, उजेड जास्त झाला हे माझं म्हणणं कायम.

मित्राने तिसरी पट्टी परत केली आणि काळी वाळू आणली.

कुर्ला_रविवार

मीही केलं. नियॉनच्या दोन टाक्या शेजारी-शेजारी, दिवा एकच. एकीच्या काचेखाली आणि मागे काळा कागद, दुसरी नेहमीसारखी पांढऱ्या फळीवर. आठवड्याने पोराला काही न सांगता विचारलं, कुठली टाकी चांगली? त्याने काळी दाखवली. निळ्या पट्ट्यात मला फरक दिसला नाही, लालमध्ये दिसला. आता सगळ्या टेट्रांच्या टाक्यांखाली कागद लावतोय.

गुलाबी ट्यूब काढणार नाही, पण कोणी म्हटलं तर बंद करून साध्या पांढऱ्या दिव्यात मासा दाखवीन, शब्द देतो. फक्त पिशवीत घालून दारात न्यायला सांगू नका. पिशवीत पडला की मासा भीतीने दोन मिनिटांत फिका होतो, तो त्याचा रंग नव्हे. टाकीसमोरच उभे राहा, ट्यूब बंद करायला सांगा आणि जरा थांबा.