बाबांच्या एफडीवर काकांचं नाव आहे, पैसे नक्की कुणाचे?

रानवाट:
बाबा जाऊन आज तेवीस दिवस झाले. वय ५३, झोपेतच गेले. आम्ही बार्शी तालुक्यातले. घरी आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ. काल ट्रंकेत एका पिशवीत पासबुक, एफडीच्या दोन पावत्या आणि सोसायटीच्या पीककर्जाचा कागद सापडला. पासबुकाच्या कव्हरवर बाबांनी पेन्सिलनं एटीएमचा पिन लिहून ठेवलाय. भाऊ म्हणतो, थोडे थोडे काढू, दिवसकार्याची उधारी आहे. मला ते पटत नाही. खात्यावर आणि एफडीवर नॉमिनी काका आहेत. खातं लग्नाआधीचं, नंतर नाव बदलायचं राहूनच गेलं. काकू म्हणाल्या, "नाव ज्याचं, पैसा त्याचा." खरंच असं असतं का? आई काहीच बोलत नाही, नुसती पासबुकावरून हात फिरवत बसते.

जुनीशाखा:
ताई, ३१ वर्षं बँकेत काढली, असले क्लेम शेकड्यानं हाताळले. एटीएमला हात लावू नका. उद्या घरातलाच कुणी हिशोब मागेल आणि भाऊ अडचणीत येईल. मृत्यूचे दाखले आठ-दहा काढून ठेवा, जो तो मूळ प्रतच मागतो.

नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो. बँक पैसे काकांना देईल, पण पुढे ते वारसांना द्यायची जबाबदारी त्यांची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही, भाऊ आणि आजी असे चौघं समान वारस. आजीला बहुतेक लोक विसरतात. तिला न समजावता कुठेही तिचा अंगठा घेऊ नका.

पीककर्जाची धास्ती नको. वडिलांकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी.

आणि एक काम आजच करा. पासबुकात मे महिन्याच्या नोंदी बघा, ४३६ रुपये गेलेत का? गेले असतील तर तो जीवनज्योती विम्याचा हप्ता. २ लाखांचा क्लेम त्याच शाखेत करायचा.

ओसरी:
सातबाऱ्यावर वारसनोंद करताना स्वतः हजर राहा. माझ्या वडिलांच्या वेळी "सही कर, नुसती नोंद आहे" म्हणून माझ्यापुढे कागद ठेवला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. मी वाचला म्हणून कळलं. अर्जात सगळ्या वारसांची नावं आहेत ना ते बघा, आणि फेरफाराची नोटीस आली की तीही नीट वाचा.

रानवाट:
४३६ ची नोंद सापडली! २७ मे. आईला दाखवली, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, "मीच सही करायला लावली होती त्यांना." रात्री काकांकडे जाऊन तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पैसे वहिनींच्या खात्यावर टाकू, आईला, म्हणजे आमच्या आजीला, आधी विचारू. सोमवारी आम्ही दोघं बँकेत जातोय. पिन मी खोडलेला नाही, अक्षर बाबांचं आहे. कार्ड मात्र बँकेत जमा करणार.