मदत हवी आहे : गिरणी संपाच्या काळातल्या कॅसेट

मंडळी, वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या दिवसांतल्या गेटसभा, पथनाट्यं, चाळीतली शाहिरी त्यांनी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवली. अशा १९ कॅसेट आहेत. चारपाचांवर पांढरी बुरशी दिसतेय, म्हणून त्या मी वाजवूनही पाहिलेल्या नाहीत. फीत तुटली तर तो आवाज कायमचा गेला.

मुंबईत अशा कॅसेट साफ करून डिजिटल करणारं खात्रीचं कुणी आहे का? नंतर एखाद्या सामुदायिक रेडिओवर त्या लागाव्यात अशी फार इच्छा आहे. पण गाणाऱ्यांची नावंच ठाऊक नाहीत, मग परवानगी कुणाची घ्यायची? गिरणगावातल्या जुन्या कलापथकांतलं कुणी आवाज ओळखू शकेल का?